कॉफी-केक आणि ब्लूबेरी

अमेरिकेत अनेक घरी न्याहारीसाठी 'कॉफी-केक' करतात. नावावरून त्यात कॉफी असावी असे वाटते. परंतु बहुधा ती त्यात नसते. कॉफीच्या पेल्याबरोबर खावयाचा म्हणून तो कॉफी-केक. उन्हाळ्यात त्यात ताज्या ब्लूबेरी घालतात. लहानशा करवंदाएवढी ही निळसर फळे चवीला आंबटगोड असतात.

हा केक करण्याची रीत सोपी आहे. प्रथम लोणी व साखर फेसून त्यांत अंडी आणि दूध घालतात. मग मैद्यात बेकिंग पावडर व मीठ मिसळून तो त्यात हलक्या हाताने कालवतात. फळे अगदी शेवटी घालतात, म्हणजे ती चेंगरत नाहीत. वर मैदा, साखर, लोणी व दालचिनी यांचा चुरा पसरतात आणि सुमारे १८० अंश सेल्सिअस उष्णतेच्या भट्टीत केक भाजतात.

केक फुगतो कशाने? पाव फुगविण्यासाठी यीस्ट घालून पीठ आंबवावे लागते. इंग्लंडमधील आल्फ्रेड बर्ड या रसायनज्ञांच्या पत्नीला यीस्टचा पाव सोसत नसे. तेव्हा १८४३ साली त्यांनी खाण्याचा सोडा व कोरडे आम्ल एकत्र करून बेकिंग पावडर बनविली. सोडा आम्लाच्या उलट गुणाचा, म्हणजे आम्लारीधर्मी असतो. कोरडी असेपर्यंत ही पूड स्वस्थ असते. ओली होताच तिच्यातून कार्बन डायऑक्साइड वायू निघू लागतो. त्याचे बुडबुडे उष्णतेने प्रसरण पावतात आणि केकला जाळी पडते. मात्र सोडा अधिक झाला, तर फळांचा जांभळा रस हिरवट होतो. हळदीचा डाग साबणाने लाल होतो, त्यातलाच हा प्रकार.

खुद्द ब्लूबेरीच्या झुडपालाही आम्लच प्रिय! पूर्वी लोक ही फळे रानातून वेचून आणीत. बागेतील उत्तम मातीत लावलेली झुडपे मात्र खुरटत. या झुडपाला आम्लयुक्त माती हवी, असे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९१० साली प्रयोगांनिशी दाखवून दिले. ते वाचून न्यू जर्सीतील एलिझाबेथ व्हाइट यांनी आपल्या शेतात प्रयोग करण्याची तयारी दाखविली. तिकडची रेताड, आम्लयुक्त जमीन बहुतेक पिकांच्या उपयोगाची नव्हती. आसपासच्या रानांची खडान्‌खडा माहिती असलेल्या लोकांना व्हाइट यांनी मोठ्या फळांची झुडपे शोधावयास सांगितले व त्याबद्दल मोबदला दिला. रूब लीक यांनी शोधलेल्या झुडपाची जात 'रूबेल' या नावाने प्रसिद्ध झाली. १९१६ साली लागवडीच्या ब्लूबेरींचे पहिले पीक बाजारात आले.

बागेतील सकस माती जिला मानवली नाही, ती ब्लूबेरी निकस जमिनीत फळांनी लगडली. वस्तूचा स्वभाव धीराने जाणून घेतला, तर स्वयंपाकघरात काय किंवा शेतात काय, श्रमाला फळ येते.