मद्यासक्ती आणि रक्ततपासणीचा इशारा

दारूच्या व्यसनाचा विचार आपल्याकडे बहुधा कौटुंबिक कलह आणि कर्जबाजारीपणा यांच्या अनुषंगाने होतो. शरीराची हानी मात्र दीर्घकाळ नजरेआड राहते. यकृताच्या विकारात प्रारंभी वेदना क्वचितच जाणवते. कावीळ, जलोदर वा रक्ताची उलटी होऊन रुग्ण रुग्णालयात येतो, तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो. हा उशीर टाळण्यास नेहमीची रक्ततपासणी साहाय्यभूत ठरू शकते.

रक्तातील खुणा

मद्याचे विघटन मुख्यत्वे यकृतात होते. यकृतपेशींना इजा झाली की त्यांतील विकरे रक्तात उतरतात. सततच्या मद्यपानाने गॅमा जीटी या विकराचे प्रमाण वाढते. एसजीओटीचे प्रमाण एसजीपीटीच्या दुपटीहून अधिक आढळल्यास मद्यजन्य यकृतविकाराचा संशय बळावतो. तांबड्या पेशी आकाराने मोठ्या होतात, प्लेटलेट घटतात, आणि आहाराची आबाळ झाल्याने रक्तक्षयही जडतो.

अर्थ लावताना

मात्र स्थूलता, मधुमेह, काविळीचे विषाणू व काही औषधे यांमुळेही विकरे वाढतात. ब-१२ जीवनसत्त्वाच्या उणिवेनेही तांबड्या पेशी मोठ्या होतात. उलटपक्षी, नियमित मद्यपान करणाऱ्याचा अहवाल निर्दोष येऊ शकतो. म्हणून केवळ अहवालावरून कोणास व्यसनी वा निर्व्यसनी ठरवू नये. निदान डॉक्टरांनीच करावयाचे असते.

मद्य वर्ज्य केल्यास गॅमा जीटी काही आठवड्यांत उतरू लागते. तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असल्याने त्यांचा आकार पूर्ववत होण्यास काही महिने लागतात. ही सुधारणा रुग्णास धीर देते.

सक्ती नव्हे, उपचार

अनेक वर्षे अतिमद्यपान करणाऱ्याने दारू एकाएकी सोडल्यास पहिल्या काही दिवसांत झटके येणे, भ्रम होणे असे प्राणघातक प्रकार संभवतात. त्यामुळे अशा व्यक्तीस शपथ घालून वा घरात कोंडून व्यसन सोडविण्याचा प्रयत्न धोक्याचा ठरतो. व्यसनमुक्ती वैद्यकीय देखरेखीखालीच व्हावी. पुण्यात १९८६ साली स्थापन झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रासारख्या संस्था उपचारास समुपदेशनाची जोड देतात. १४४४६ या राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकावरही विनामूल्य मार्गदर्शन मिळते.

शिक्षक व पंचायत सदस्यांनी अशा व्यक्तीस वेळीच आरोग्य केंद्राची वाट दाखवावी आणि तिच्या अहवालाची गुप्तता राखावी. चारचौघांत मानहानी झालेला रुग्ण पुन्हा तपासणीस येत नाही.