मासळीच्या खोक्यातला भुईचाफा

मुंबईत हिवाळा नसतो म्हणणाऱ्यांना मी २२ जानेवारी १९६२ ची आठवण करून देतो. त्या दिवशी सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला होता. मुंबईच्या नोंदीतला हा नीचांक आजवर मोडलेला नाही. एरवी आमच्या जानेवारीतल्या पहाटा सोळा-सतरा अंशांच्या. गोधडी काढावी की चादरीवर भागवावं, एवढाच प्रश्न. ट्युलिपच्या कांद्याला एवढ्याने काही होत नाही. त्याला नऊ अंशांखालची थंडी लागते, तीही सलग बारा ते सोळा आठवडे.

नोकरीची सगळी वर्षं मी एका कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात लॅब अटेंडंट होतो. प्रॅक्टिकलसाठी कांदे चिरून ठेवणं हे माझं काम. लिलीचा किंवा नर्गिसचा कांदा देठापासून बुडापर्यंत उभा चिरला की पाकळ्यांच्या मधोमध पुढच्या हंगामाचं बारीकसं फूल बसलेलं दिसतं. पानं वाळून गेली, वर काहीच उरलं नाही, म्हणजे झाड मेलं असं आपण धरून चालतो. आत मात्र त्याच दिवसांत कळीची बांधणी चालू असते. थंडीचं काम वेगळं. दांडा लांबवायची परवानगी थंडी देते. ती मिळाली नाही तर ट्युलिपचं फूल पानांच्या बेचक्यातच अडकून बसतं, आणि पुष्कळदा तिथेच वाळतं.

मग लोक फ्रीज वापरतात. मीही वापरला आहे. ऑक्टोबरात कांदे कागदी पिशवीत घालून खालच्या कप्प्यात ठेवायचे आणि जानेवारीत कुंडीत लावायचे. त्या कप्प्यात सफरचंद किंवा केळं मात्र चालत नाही. पिकणाऱ्या फळातून इथिलीन नावाचा वायू निघतो आणि आतली कळी करपते. मासळी चालते, निदान कांद्यांची तक्रार नसते. आमच्या हिची होती. "फ्रीज माझ्या मावऱ्याचा, तुमच्या कांद्यांचा नाय," असं ऐकवून ती पहाटे धक्क्यावर निघून जायची. एवढं करून फेब्रुवारीत फूल आलं तरी तिशीपार ऊन त्याला दोन-तीन दिवसांत सुकवतं. तो कांदा पुन्हा फुलत नाही, टाकूनच द्यायचा. दिल्लीत नगरपालिका दर थंडीत रस्त्याकडेला हॉलंडचे ट्युलिप लावते, श्रीनगरला २००७ पासून झबरवानच्या पायथ्याशी अख्खी बागच आहे. तिथे ते शोभतात. शीव कोळीवाड्यात तो हौसेचा तमाशा.

तरीही या वेडाची मूळ माणसं मला आवडतात. इंग्लंडमध्ये बर्फ पुरता वितळायच्या आत जमिनीतून स्नोड्रॉप नावाचं वीतभरही नसलेलं पांढरं फूल वर येतं. बघायला एकसारखंच; पण कुणाच्या आतल्या पाकळीवर हिरवा ठिपका, कुणाच्या पिवळा, आणि त्या ठिपक्यासाठी एका कांद्याला हजार पौंडांहून जास्त मोजणारे लोक आहेत. उंच डोंगरावरची झाडं कुंडीत जगवणाऱ्यांनी तिकडे १९२९ मध्ये अल्पाइन गार्डन सोसायटी काढली, चार वर्षांनी स्कॉटलंडमध्ये तशीच दुसरी संस्था निघाली. ही मंडळी पूर्वी जुनी दगडी डोणी शोधत हिंडायची. ती महाग झाली तेव्हा त्यांनी मासळीबाजारातली थर्माकोलची खोकी उचलली, त्यांना दगडी रंग फासला आणि त्यात खडी भरून डोंगरावरची झाडं लावली. हे मला विभागातल्या एका मॅडमनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, खोक्यांची कमतरता असलेलं घर शोधायला आमच्या कोळीवाड्यात यायला नको!

खोकी घेतली, झाडं मात्र घेतली नाहीत. बर्फाकडेची झाडं मुंबईत थंडी कमी म्हणून मरतात हे अर्धंच खरं. आपल्या रात्री त्यांना मारतात. दिवसभर पान साखर बनवतं आणि रात्री श्वासासाठी ती खर्च करतं. रात्र जेवढी गरम तेवढा खर्च जास्त. डोंगरावरच्या गार रात्रीत शिल्लक उरते, इथे पहाटेपर्यंत गंगाजळी संपते. वर आपला दमट उन्हाळा, म्हणजे मुळं कुजलीच म्हणून समजा.

आपल्याकडच्या कांद्यांनाही झोप असते, फक्त ती बर्फाने येत नाही, तहानेने येते. पावसाळ्यात चार महिने पानं चालवायची, कंद भरून घ्यायचा, आणि ऑक्टोबरनंतर जमीन सुकायला लागली की गाशा गुंडाळायचा. हिवाळा सरता सरता, अंगण अजून कोरडं ठाक असताना, काहींना जाग येते. माझा भुईचाफा त्यातला. आमच्याकडे तो अलिबागकडच्या सोयऱ्यांच्या परसातून आला. हळदीच्या, आल्याच्या कुळातला. जमिनीत आखूड मूळकंद आणि मुळांच्या टोकांना गोल गाठी, त्यात पाणी आणि पिष्ट साठवलेलं. नोव्हेंबर-डिसेंबरात पानं पिवळी पडून लोळली की मी पाणी तोडतो. खोकं रिकामं दिसतं. शेजारच्या पोरांनी त्यात क्रिकेटचा बॉलही ठेवलेला मी पाहिला आहे.

होळीच्या आगेमागे एका सकाळी मातीला बारीक भेग पडलेली दिसते. त्यातून पेनाच्या निबासारखं टोक वर येतं, तांबूस हिरवं. पान नाही, दांडा नाही. मग कधीतरी पहाटे फूल उघडतं, थेट मातीवर बसलेलं: मागे लांब अरुंद पांढऱ्या पाकळ्या, त्यापुढे उभे दोन रुंद पांढरे पदर आणि खाली मधोमध चिरलेला जांभळा ओठ. नीट बघायचं तर गुडघे टेकून बसावं लागतं. वास गोड, पण चाफ्याइतका अंगावर येणारा नाही. संध्याकाळी ते फूल मलूल होऊन आडवं पडतं, आणि एखाद-दोन दिवसांनी त्याच भेगेतून दुसरं निघतं. असं बरेच दिवस चालतं. बघणारे याला ऑर्किड समजतात. मी सुधारत बसत नाही, कारण ऑर्किड म्हटलं की लोक हात लावत नाहीत. पानं येतात ती पावसाच्या तोंडावर, वरून गडद-फिकट हिरव्या नक्षीची, खालून जांभळी. ती पाहूनही कुणी कुंडी विकत घेईल.

आता खोक्याबद्दल. मासळीचं खोकं आधी गोड्या पाण्याने खळखळून धुवायचं. मीठ राहिलं तर मुळं गेली. बुडाला सुरीच्या टोकाने भरपूर भोकं. उन्हात थर्माकोलचा भुगा होतो, म्हणून बाहेरून सिमेंटचा पातळ हात मारायचा. माती निम्मी, बाकी चाळलेली जाड वाळू, विटेचा चुरा, मूठभर जुनं शेणखत. वाळू नदीची हवी, खाडीची नको. कंद इंच-दोन इंच खोल. पावसाळ्यात काळजी करायचीच नाही. सगळी कसोटी हिवाळ्यात. हौशी माणसाचा हात पाण्याच्या मगाकडे जातोच, आणि झोपलेल्या कंदाला पाणी दिलं की तो कुजतो. टोक वर दिसलं की मग थोडं थोडं पाणी सुरू करायचं.

दुसऱ्या खोक्यात कळलावी आहे. तिचं फूल श्रावणातलं, त्यामुळे या लेखात तिला जागा नाही, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. काश्मीरमध्ये बर्फ वितळू लागलं की त्याच्या कडेलाच एक पिवळं फूल जमिनीलगत उमलतं, कोल्चिकम ल्युटियम. ते आणि आपली कुंपणावर चढणारी कळलावी एकाच कुळातल्या. दोघींच्या कंदात कोल्चिसिन हे एकच विष. त्याच विषातून गाउटचं, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या वातरक्ताचं औषध होतं. एक बर्फाखाली झोपते, एक तापलेल्या कातळात. घरात लहान मूल असेल तर मात्र कळलावी लावू नका. रानकांद्याचंही तेच, त्यातलं विष थेट हृदयावर जातं.

तसं पाहिलं तर महाराष्ट्राची खरी डोंगरबाग सातारच्या कास पठारावर. सुमारे बाराशे मीटर उंची, कातळावर बोटभर माती, झोंबरा वारा. २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलेल्या पश्चिम घाटातल्या जागांत तेही आहे. तिथला वायतुरा १९८२ मध्ये शास्त्राला नवा म्हणून नोंदला गेला. पाणथळ आटली की त्याचा कंद चिखलात तसाच पडून राहतो, पुढच्या पावसापर्यंत. आणि वुड्रोसाहेबांची लिली! पुण्याच्या सायन्स कॉलेजातले हे प्राध्यापक बागकामावर पुस्तक लिहिणारे गृहस्थ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी महाबळेश्वरकडचे कांदे लंडनच्या क्यू बागेत पाठवले, तिथे ते फुलले आणि झाडाला त्यांचंच नाव मिळालं. नंतर शंभराहून जास्त वर्षं ते आपल्याकडे कुणाला दिसलंच नाही. शेवटी महाबळेश्वरच्या केट्स पॉइंटजवळ पुन्हा सापडलं. ते उन्हाळ्याच्या शेवटी फुलतं, जेव्हा पर्यटकांचं लक्ष स्ट्रॉबेरी-क्रीमकडे असतं. अशी झाडं डोंगरावरून उपटून आणायची नाहीत. भुईचाफ्याचं तसं नाही. तो वाढतो भराभर, कुणाच्याही परसातला तुकडा मागून मिळतो. राणीच्या बागेत हिवाळ्याच्या शेवटाला पालिकेचं झाडाफुलांचं प्रदर्शन भरतं, तिथेही विचारून पाहावं.

तिसऱ्या खोक्यातल्या शेवळांवरून घरात वाद आहे. त्यांचा कंद सगळ्यांत उशिरा जागा होतो, मे संपताना. पान यायच्या आधी जांभळट तपकिरी कोंब वर येतो आणि तोच बाजारात जुडीने विकला जातो. मला तो फुललेला बघायचा असतो. फुललेल्या शेवळाला कुजका वास येतो, माश्यांना बोलवायला. पण कोळीवाड्यात त्याने कुणी नाक मुरडत नाही. हिला तो कोवळा कापून हवा असतो. उगवतील त्यातलं एक सोडायचं, बाकीची भाजीत, असा तह झाला आहे. आतल्या दांड्याचा पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, नाहीतर घसा खाजतो. उरलेलं बारीक चिरून काकड या आंबट रानफळाच्या रसात शिजवायचं आणि मग कोलंबी. काकडं शेवळांबरोबर त्याच बाईकडून त्याच दिवशी घ्या. चिंचेवर भागतं, पण ही ते मान्य करत नाही.