प्रमाणपत्राची पत आणि भागीदारीचे गणित

व्यावसायिकांच्या एखाद्या संघटनेने परीक्षा सुरू केली, म्हणून तिच्या प्रमाणपत्राला आपोआप मोल येत नाही. त्यासाठी सहकारी जोडावे लागतात. अमेरिकेत १९६९ मध्ये स्थापन झालेल्या 'प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट'चे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. प्रकल्प व्यवस्थापकांसाठी तिने १९८४ मध्ये 'पीएमपी' परीक्षा सुरू केली. परीक्षेस बसण्यासाठी अनुभवाबरोबरच सर्वसाधारणपणे ३५ तासांचे प्रशिक्षण आवश्यक असते. जगभर असे वर्ग चालविणे एकट्या संस्थेच्या आवाक्यातले नव्हे. म्हणून प्रशिक्षणासाठी अधिकृत भागीदार, परीक्षाकेंद्रांसाठी 'पिअर्सन व्ह्यू' ही कंपनी आणि स्थानिक संपर्कासाठी मुंबई, पुण्यासारख्या शहरांतील शाखा, अशी कामाची विभागणी झाली.

या रचनेचे मर्म असे, की शिकविणारा उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरवीत नाही. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांसाठीचे 'आयएसओ/आयईसी १७०२४' हे मानकही निःपक्षपातीपणाचाच आग्रह धरते. शुल्काच्या मोहाने ही सीमारेषा पुसली गेली, तर उमेदवार वाढतील; पण नोकरी देणाऱ्यांचा विश्वास उडेल आणि प्रामाणिकपणे अभ्यास केलेल्यांच्या हाती केवळ कागद उरेल. त्यामुळे भागीदार विद्यार्थी किती आणणार, यापेक्षा परीक्षा कोणाच्या हाती राहणार, हे संघटनांनी आधी ठरवायला हवे.