काठी खाली ठेवायला लावणारी माणसं

कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूड परिसरात वन्यजीव म्हटलं की बहुतेकांना राधानगरीच्या जंगलातले गवे आठवतात. ते साहजिकच आहे. दाजीपूरला १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झालं आणि पुढे ते वाढत वाढत ३५१ चौरस किलोमीटरचं झालं. पण वेदगंगेकाठच्या उसाच्या पट्ट्यात रोज गाठ पडते ती सापाशी. परड्यातल्या जळणाच्या ढिगात, गोठ्याच्या भिंतीच्या फटीत, विहिरीवरच्या मोटरच्या पेटीत तो निघतो आणि फोन जातो, "दादा, जनावर निघालंय, लवकर या."

या एका फोनवर हातातलं काम टाकून निघणारे सर्पमित्र आज जवळपास प्रत्येक मोठ्या गावात आहेत. बहुतेकांना पगार नाही, पेट्रोलही स्वतःचंच. आपल्याकडे या कामाला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत पुण्याचे नीलिमकुमार खैरे यांचं नाव आधी घ्यावं लागेल. १९८० मध्ये ते ७२ सापांसोबत, त्यातले बहुतेक विषारी, ७२ तास एका काचेच्या खोलीत राहिले. साप विनाकारण चावत नाही, हे त्यांना लोकांना दाखवायचं होतं. पुढे १९८६ मध्ये कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं.

साप धरणं हा या कामातला सर्वांत छोटा भाग आहे. जाणता सर्पमित्र आल्या आल्या आधी माणसं मागे सारतो, पोरांना बाहेर काढतो, काठ्या खाली ठेवायला लावतो. मग कापडी पिशवीच्या तोंडाला प्लॅस्टिकचा पाइप बांधून तो जमिनीला टेकवतो आणि हुकानं सापाला हळूच त्या दिशेला वळवतो. घाबरलेला साप अंधारी जागा शोधतच असतो, तो आपणहून पाइपमधून पिशवीत उतरतो. मानगूट धरणं नाही, शेपटीनं उचलणं नाही. नंतर वन विभागाकडे नोंद होते आणि साप जवळच्याच योग्य अधिवासात सोडला जातो. लांबच्या अनोळखी रानात सोडलेला साप बिळाच्या आणि भक्ष्याच्या शोधात भटकत राहतो.

गळ्यात नाग घालून मोबाइलसमोर उभा राहणारा मला सर्पमित्र वाटत नाही. हे मी ठामपणे लिहितो, कारण त्याचं बघून गल्लीतली पोरं हात घालतात. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय साप पकडणं, बाळगणं किंवा त्याचे खेळ करणं हा गुन्हा आहे. शिकायचं असेल तर वन विभागाशी जोडलेल्या अनुभवी माणसाच्या हाताखाली आधी नुसतं बघायला, गर्दी आवरायला उभं राहावं. गर्दी काय करते ते कोल्हापूरनं डिसेंबर २०२१ मध्ये पाहिलं आहे. शहराच्या वेशीवर आलेले गवे बघायला झुंबड उडाली, ते बिथरले आणि त्यात एका तरुणाचा जीव गेला.

हुकाला हात न लावताही करण्यासारखं काम ढीगभर आहे, आणि माझ्या मते माणसांचे आणि सापांचे जास्त जीव वाचतात ते त्यातूनच. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार भारतात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं मरतात. बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. अजूनही दंश झाला की कुणी दोरीनं आवळतं, कुणी ब्लेड मारतं, कुणी देवऋषाकडे नेतं. डॉक्टरांना दाखवायला म्हणून साप शोधून मारतात, त्यात दुसऱ्यालाही चावा बसतो. त्याची गरजच नसते. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालते. चावलेला हात किंवा पाय हलू न देता, माणसाला धीर देत १०८ ची गाडी बोलवायची आणि थेट सरकारी दवाखाना गाठायचा, एवढंच करायचं. साप घरात असेल तर वन विभागाचा १९२६ क्रमांक आहे.

धामणीबद्दलही बोलायला हवं. ती बिनविषारी, उंदरांवर जगणारी, म्हणजे शेतकऱ्याच्या घरचीच राखण करणारी. तरी ती म्हशीच्या पायाला विळखा घालून दूध पिते, ती नागाची मादी असते, अशा समजुतींपायी मारली जाते. सापाला दूध पचतच नाही आणि नागाची मादी नागीणच असते. शाळेत चित्रं दाखवून हे सांगायला तासभर पुरतो.

गळीत हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातल्या ऊसतोडीच्या टोळ्या येतात, रानाकडेला खोप्या पडतात, माणसं लेकरांसह भुईवर झोपतात. मण्यार रात्रीच फिरते आणि तिचा चावा इतका हलका असतो की झोपलेल्याला कळतही नाही. पहाटे पोटात दुखू लागतं, पापण्या जड होतात, आणि तोवर उशीर झालेला असतो. फडात घोणस कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार टाकून इशारा तरी देते, मण्यार तेही करत नाही. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात टोळीच्या मुकादमाला भेटावं, प्रत्येक खोपीत गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी आणि एक बॅटरी पोचवावी, जवळचा दवाखाना कुठे ते बायाबापड्यांना सांगून ठेवावं. याला कुणाचा परवाना लागत नाही.