संसदेचे दर्शन

भोर आणि वेल्हे हा सह्याद्रीच्या कुशीतील डोंगराळ मुलूख होय. राजगड आणि तोरणा हे इतिहासप्रसिद्ध किल्ले याच मुलखात उभे आहेत. शिवाजी महाराजांच्या काळी स्वराज्याचा कारभार राजगडावरून चाले. पुढे भोर येथे पंतसचिवांचे संस्थान नांदले. आज या भागासाठी लागणारे अनेक कायदे दूर दिल्लीत, संसदेत होतात. दिल्लीस जाणाऱ्या विद्यार्थ्याने ही संसद अवश्य पाहावी.

संसदेची जुनी इमारत वर्तुळाकार आहे. एडविन लटयेन्स व हर्बर्ट बेकर या वास्तुविशारदांनी तिची रचना केली. १९२१ साली तिची कोनशिला बसविण्यात आली आणि १८ जानेवारी १९२७ रोजी तिचे उद्घाटन झाले. बाहेरच्या ओवरीला १४४ दगडी खांब आहेत. आत मध्यवर्ती सभागृह असून त्याच्या भोवती तीन दालने आहेत. त्यांपैकी दोन दालने कायदेमंडळाच्या दोन सभागृहांसाठी व तिसरे संस्थानिकांच्या नरेंद्र मंडळासाठी होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्या काळी ब्रिटिश मुलखातही मताचा अधिकार थोड्याच लोकांना होता. संस्थानी प्रजेला तर तोही नव्हता. संस्थानिकांसाठी या वास्तूत स्वतंत्र दालन होते. परंतु भोरच्या शेतकऱ्याने निवडून दिलेला एकही प्रतिनिधी तेथे बसत नव्हता.

पुढे काळ पालटला. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. ८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. याच वास्तूच्या मध्यवर्ती सभागृहात घटना समितीने २६ नोव्हेंबर १९४९ रोजी राज्यघटना स्वीकारली. त्यानंतर १९५१-५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. राजा असो वा मजूर, स्त्री असो वा पुरुष, प्रत्येक प्रौढ नागरिकास एकच मत मिळाले. लोकसभेचे पहिले अध्यक्ष होण्याचा मान गणेश वासुदेव मावळंकर यांस लाभला.

या जुन्या इमारतीस आता संविधान सदन म्हणतात. तिच्या शेजारी त्रिकोणी आकाराचे नवे संसद भवन उभारले असून २८ मे २०२३ रोजी त्याचे उद्घाटन झाले. त्यातील लोकसभेच्या दालनात ८८८ आसनांची सोय आहे. अध्यक्षांच्या उजव्या हातास सत्ताधारी पक्षाचे व डाव्या हातास विरोधी पक्षांचे सभासद बसतात.

कामकाज पाहू इच्छिणाऱ्याने प्रथम प्रवेशपत्र मिळवावे लागते. प्रेक्षक सज्जात जाताना सामान बाहेर ठेवावे लागते. तेथे बोलणे, टाळ्या वाजविणे किंवा घोषणा देणे वर्ज्य आहे. लोकसभेत साधारणतः कामकाजाचा पहिला तास प्रश्नोत्तरांचा असतो. तारांकित प्रश्नाला मंत्र्यांनी उभे राहून तोंडी उत्तर द्यावयाचे असते. त्यावर पूरक प्रश्नही विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते. पुणे-सातारा राष्ट्रीय महामार्ग भोर तालुक्यातून जातो. तो महामार्ग, तसेच टपाल व रेल्वे हे विषय केंद्र सरकारकडे आहेत. म्हणून त्यांविषयीचा प्रश्न येथे विचारता येतो. भोर व वेल्हे हा भाग बारामती लोकसभा मतदारसंघात मोडतो. तेथून निवडून आलेल्या सभासदाने असा प्रश्न विचारला, तर मंत्र्यांना त्याचे उत्तर द्यावे लागते.

सज्जातील नागरिक मूक असतो, म्हणून तो दुबळा आहे असे कोणी समजू नये. त्याचा शब्द त्याच्या प्रतिनिधीच्या मुखातून प्रकट होतो. तो प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार वयाच्या अठराव्या वर्षी प्रत्येकास मिळतो. विद्यार्थ्यांनो, तुमच्यासाठी तो दिवस फार दूर नाही. आपल्या गावास काय हवे, काय उणे आहे, हे आजपासूनच डोळसपणे पाहावयास शिका. ज्याला योग्य प्रश्न कळतो, तोच योग्य प्रतिनिधी निवडू शकतो.