गाण्याला वयाची अट कोण घालणार?

मुलांना घेऊन सिनेमाला जाताना आपण आधी प्रमाणपत्र पाहतो. 'यू' आणि 'ए' आपल्या परिचयाचे आहेत. १९८३ मध्ये त्यांत 'यूए'ची भर पडली आणि २०२३ च्या कायदादुरुस्तीने या 'यूए'चे ७, १३ व १६ वर्षे असे तीन भाग झाले. नाटकाची संहितासुद्धा आपल्या राज्यात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. मग जे गाणे सकाळ-संध्याकाळ मुलांच्या कानांवर पडते, ते कोण तपासतो?

नुसत्या ऐकायच्या गाण्याला आपल्याकडे असे प्रमाणपत्र लागत नाही. १९९३ साली 'खलनायक'मधील चोलीच्या गाण्यावरून केवढे वादळ उठले होते! चित्रपट सेन्सॉरकडून सुटून ऑगस्टमध्ये पडद्यावर आला; कॅसेट मात्र त्याआधीच रिक्षात, पानाच्या गादीवर आणि हळदीच्या मांडवात वाजत होती. पुढे २००६ मध्ये केबल टीव्हीवरील चित्रगीते व म्युझिक व्हिडिओ यांना 'यू' प्रमाणपत्राची अट आली. ती चाळणीही चित्रालाच. आता तर गाणे मोबाईलवर येते.

मोबाईलवरील काही गाण्यांच्या नावापुढे इंग्रजी 'ई' अक्षर दिसते. त्याचे मूळ अमेरिकेत आहे. टिपर गोर यांनी आपल्या अकरा वर्षांच्या मुलीबरोबर प्रिन्स या गायकाची ध्वनिमुद्रिका ऐकली आणि त्या चकित झाल्या. १९८५ मध्ये त्यांनी इतर महिलांसह संघटना काढली, सिनेटसमोर सुनावणी झाली, आणि रेकॉर्ड कंपन्यांनी पालकांसाठी इशारा छापण्याचे मान्य केले. या इशाऱ्यावर वय मात्र नाही. ब्रिटनमध्ये २०१५ पासून तेथील कलावंतांच्या ऑनलाईन व्हिडिओंना १२, १५, १८ अशी वये देण्याची पद्धत पक्की झाली, पण तीही व्हिडिओंनाच.

'ई' हे अक्षर गाणे पुरवणारी कंपनीच लावते. शिवीगाळ, उघड अश्लील शब्द असले तर ते लागते. स्पॉटिफायसारख्या ॲपमध्ये अशी गाणी बंद ठेवण्याची सोयही आहे. पालकांनी ती जरूर करून घ्यावी. परंतु आमच्या मते आपल्या भाषेतील खरी अडचण वेगळीच आहे. दादा कोंडके यांच्या गाण्यांतला एकेक शब्द सुटा घेतला तर आक्षेप कशावर घ्यायचा? द्व्यर्थाला अक्षर लावणार कसे? शिवाय दारूची फुशारकी, मुलीचा पिच्छा पुरवणे यांत शिवी एकही नसते. ही गाणी 'ई'शिवाय सहज घरात येतात.

आणि मूल नुसते ऐकत नाही, नाचतेही. नृत्याच्या टीव्ही स्पर्धांत लहान मुलांकडून मोठ्यांचे हावभाव करून घेतले जातात, म्हणून जून २०१९ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाला वाहिन्यांना सूचना द्यावी लागली. तोच प्रकार शाळेच्या स्नेहसंमेलनात व सोसायटीच्या कार्यक्रमात होतो. तेथे मंत्रालय येत नाही. पहिली-दुसरीतल्या मुलीला 'आयटम' गाण्यावर उभे करताना पालकांनी निदान शब्द तरी वाचलेले असावेत. ते इंटरनेटवर मिळतात. आमच्या वसाहतीत आता गाण्याबरोबर त्याचे शब्दही कागदावर लिहून मागतात. ते लिहून देताना काही आया स्वतःच म्हणतात, "थांबा, दुसरं गाणं आणते."