शैवाकांवरील गुलाबी परजीवी कवकांची ओळख

प्रस्तावना :
शैवाक म्हणजे कवक आणि शैवल यांचे सहजीवन होय. मसाल्यातील दगडफूल हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. या सहजीवनावर काही अन्य कवके उपजीविका करतात. त्यांना शैवाकोपजीवी कवके म्हणता येईल. डीडरिख, लॉरी व एर्ट्झ यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या सूचीत केवळ शैवाकांवरच वाढणाऱ्या अशा २००० कवकांचा समावेश आहे. त्यांची ओळख पटविताना निव्वळ रंगावर विसंबणे किती फसवे असते, हे पुढील दोन कवकांवरून स्पष्ट होते.

रूप समान, कुळ भिन्न :
पश्चिम युरोपात झाडांच्या सालीवरील फिसिया या शैवाकावर गुलाबी कण आढळतात. ते इलोस्पोरिऑप्सिस क्रिस्टियानसेनी या कवकाचे असू शकतात, तसेच मार्चँडिओमायसीस कोरॅलिनसचेही. नुसत्या डोळ्यांनी त्यांत सहज गल्लत होते. मात्र २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए-अभ्यासानुसार पहिले कवक ॲस्कोमायकोटा विभागातील, तर दुसरे अळंबी ज्यात मोडते त्या बॅसिडिओमायकोटा विभागातील आहे.

ओळखीच्या पायऱ्या :
प्रथम, दिसणारी वाढ परकी आहे की शैवाकाचाच एखादा प्रजननकारी भाग आहे, हे पाहावे लागते. त्यानंतर आश्रयदात्या शैवाकाची प्रजाती निश्चित करावी. इलोस्पोरिऑप्सिस प्रामुख्याने फिसियावर वाढते. मार्चँडिओमायसीस मात्र अनेक प्रकारच्या शैवाकांवर आढळते. तिसरी पायरी सूक्ष्मदर्शकाची. पहिल्याच्या कणात वळलेली, बहुपेशी अलैंगिक बीजुके दिसतात. दुसऱ्याचा कण म्हणजे बीजुकविरहित कवकपेशींचा घट्ट गोळा असतो. तरीही शंका उरल्यास डीएनए-परीक्षण करावे. नमुना आश्रयदात्यासह जतन करणे अत्यावश्यक आहे, कारण त्याविना पुढील अभ्यासकास फेरतपासणी करता येत नाही.

निष्कर्ष :
हवेच्या शुद्धतेचे निदर्शक म्हणून शैवाकांचे सर्वेक्षण केले जाते. परजीवीमुळे पांढरे पडून मेलेले शैवाक प्रदूषणाचे बळी समजले गेल्यास संपूर्ण अनुमानच चुकते. म्हणूनच या सूक्ष्म कवकांची अचूक ओळख ही केवळ नामकरणाची बाब नसून पर्यावरणविषयक नोंदींच्या विश्वासार्हतेची पूर्वअट ठरते.